मनाचें आजारपण आणि घरचीं माणसें

नागपुरांत कोराडी रस्त्यानें जाणाऱ्या माणसाला एक चौक लागतो. त्याचें सरकारी नांव कांहींही असो, ऑटोवाल्यापासून भाजीवालीपर्यंत सारेजण त्याला ‘पागलखाना चौक’ म्हणूनच ओळखतात. तेथील रुग्णालय आज ‘प्रादेशिक मनोरुग्णालय’ या नांवानें चालतें. परंतु पाटी बदलली तरी लोकांच्या जिभेवरचा शब्द बदललेला नाहीं. मुलाला दटावतांना, मित्राची थट्टा करतांना, नवराबायकोच्या लटक्या भांडणांत त्या चौकाचा उल्लेख सहज येऊन जातो. मात्र ज्या घरांतलें माणूस खरोखरीच त्या फाटकाच्या आंत राहून आलेलें असतें, त्या घरांत तो शब्द कोणी उच्चारीत नाहीं.

घरांत कोणाला विषमज्वर झाला, तर शेजारीण पेजेचें भांडें घेऊन येते. पाय मोडला, तर आळींतलीं माणसें खाटेभोंवतीं बसून गप्पा मारतात. पण मन मोडलें, तर दार आंतून लावून घेतलें जातें. आल्यागेल्याला ‘तो मामाकडे अभ्यासाला गेला आहे’ असें सांगण्यांत येतें, आणि धाकट्या बहिणीच्या लग्नाचीं बोलणीं चाललीं असतील, तर आवाजही खालीं येतो. या लपवालपवीला नुसता अडाणीपणा म्हणून हंसणें अन्यायाचें होईल. तिच्यामागें खरी भीति आहे. मोडलेलें लग्न, गेलेली नोकरी आणि सुटलेला भाड्याचा वाडा यांचा कडू अनुभव आहे. तथापि या भीतीची किंमत कोणाला तरी द्यावी लागते, आणि ती आजारी माणूस देतो. १९१५-१६ नव्हे, तर अगदी अलीकडे, २०१५-१६ सालीं झालेल्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य पाहणींत असें आढळलें कीं, देशांतील प्रौढांपैकीं शेंकडा १०.६ जणांना कोणता ना कोणता मानसिक विकार आहे, आणि विकारपरत्वें त्यांतील शेंकडा ७० ते ९२ जणांपर्यंत उपचार पोंचलेलेच नाहींत. सोप्या भाषेंत सांगावयाचें तर शंभर प्रौढांच्या वस्तींत दहा-अकरा जण आजारी, आणि त्यांतल्या एकदोघांच्याच नशिबीं डॉक्टर!

बाकीच्यांची शुश्रूषा कोण करतें? अर्थात् घरचीं माणसें. औषधें कोणती द्यावयाचीं हें डॉक्टर ठरवितो. पण तीं घेतलीं कीं नाहीं हें पाहणारें, रात्रीं उठून बसलेल्याला पाणी देणारें आणि दिवसभर त्याच्याशीं बरेंवाईट बोलणारें माणूस घरचेंच असतें. या घरच्या बोलण्याचा आजाराच्या पुढल्या वाटचालीवर कांहीं परिणाम होतो काय? आणि होत असेल, तर घरच्यांना कोणी कांहीं शिकवावयाचें कीं नाहीं? गेल्या सत्तर वर्षांत या दोन प्रश्नांवर पुष्कळ संशोधन झालें आहे.

प्रारंभ नागपूरपासूनच करणें योग्य होईल. १८६१ सालीं मध्यप्रांत अस्तित्वांत आला, आणि पुढें तीनच वर्षांनीं, १८६४ सालीं, नागपुरास वेड्यांचें इस्पितळ निघालें. आजच्या महाराष्ट्रांतील चार सरकारी मनोरुग्णालयांपैकीं ठाणें, येरवडा व रत्नागिरी हीं तिन्हीं त्यानंतरचीं आहेत. त्या काळच्या इस्पितळाचा हेतु रोग बरा करणें हा नव्हता. तसें औषधच जगांत कोणापाशीं नव्हतें. रस्त्यांत भटकणाऱ्या, अंगावर धांवून जाणाऱ्या किंवा कोणी वाली नसलेल्या माणसाला एका भिंतीआड सुरक्षित ठेवणें, एवढाच त्याचा उद्देश. १८५८ चा कायदा आणि त्याच्या जागीं आलेला १९१२ चा कायदा यांतही मॅजिस्ट्रेटच्या हुकुमाला मोठें स्थान होतें. इतर आजाऱ्याला डॉक्टर दवाखान्यांत दाखल करून घेई. वेड ठरलेल्याला बहुधा मॅजिस्ट्रेट तेथें धाडी. १९१२ चा तो कायदा तब्बल आठ दशकें अमलांत राहिला. १९८७ चा नवा कायदा १९९३ मध्यें लागू झाला, तेव्हां कोठें तो इतिहासजमा झाला.

या व्यवस्थेनें कुटुंबाला एक संवय लावली. माणूस फाटकाशीं आणून सोडावयाचा, कागदावर सही करावयाची, आणि परत फिरावयाचें. आंत काय होतें तें घरच्यांना दिसत नसे, आणि घरीं काय झालें होतें तें आंतल्यांना ठाऊक नसे. रोगी बरा झाला तरी घरच्यांच्या मनांत तो सोडतेवेळीं जसा होता तसाच राही.

ही संवय मोडण्याचा पहिला मोठा प्रयत्न नागपुरापासून दूर, पंजाबांत झाला. अमृतसरच्या मनोरुग्णालयाचे प्रमुख डॉ. विद्यासागर यांनीं १९५० नंतरच्या दशकांत रुग्णालयाच्या आवारांत तंबू ठोकविले आणि रोग्याबरोबर त्याच्या नातेवाइकांनाही तेथें राहावयास सांगितलें. आई मुलाला जेवूं घाली, भाऊ भावाला आंघोळ घाली, आणि डॉक्टर या सर्वांना एकत्र बसवून आजाराची माहिती देत. कांहीं आठवड्यांत रोग्याचा आरडाओरडा शमत गेलेला घरच्यांनीं स्वतःच्या डोळ्यांनीं पाहिला. ‘बाहेरची बाधा’ ही समजूत व्याख्यानानें जात नाहीं. ती अशा पाहण्यानें जाते. शिवाय घरीं परततांना त्यांच्या हातांत शुश्रूषेचें थोडेंबहुत ज्ञानही असे. १९५७ च्या सुमारास वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजनेंही रोग्यासह कुटुंबाला ठेवून घेण्याची पद्धति सुरू केली. युरोप-अमेरिकेंत कुटुंबाला दूर ठेवणें हाच उपचाराचा भाग समजला जात होता; त्या काळीं हिंदुस्थानांतील या डॉक्टरांनीं नेमकी उलटी दिशा धरली, हें विसरतां कामा नये.

त्याच दशकांत लंडनमध्यें जॉर्ज ब्राउन या समाजशास्त्रज्ञाला एक कोडें पडलें. मनोरुग्णालयांतून घरीं सोडलेल्या छिन्नमनस्क रोग्यांचा, म्हणजे ज्याला स्किझोफ्रेनिया म्हणतात त्या विकाराच्या रोग्यांचा, तो मागोवा घेत होता. जे आईबापांकडे अथवा पत्नीकडे परतले ते सुखानें राहतील आणि जे भाड्याच्या खोलींत एकटे राहिले ते पुन्हां आजारी पडतील, अशी कोणाचीही अपेक्षा असती. प्रत्यक्षांत आढळलें तें वेगळेंच. आईबापांकडे किंवा जोडीदाराकडे गेलेल्यांपैकीं पुष्कळजण लौकर परत आले. भावाबहिणींकडे अथवा खाणावळींत राहिलेल्यांची स्थिति तुलनेनें बरी होती.

मायेच्या घरांत असें काय घडत होतें? उत्तर शोधण्यासाठीं संशोधकांनीं घरांतील प्रमुख माणसाला एकटें बसवून निवांतपणें बोलतें केलें, तें बोलणें ध्वनिमुद्रित केलें आणि मग त्यांतील शब्दांबरोबर सूरही तपासला. ‘जेवलास का?’ हे दोनच शब्द. आई तें हातांत ताट घेऊन विचारते तेव्हां त्यांत माया असते. कोणी तें दाराच्या चौकटीला टेकून, भुंवया उंचावून विचारतें तेव्हां ‘दुसरें येतें काय तुला?’ हा न बोललेला भाग रोग्याला स्पष्ट ऐकूं येतो. संशोधकांनीं तीन गोष्टींची नोंद केली. एक, रोग्यावरची सततची टीका; दुसरी, त्याच्याविषयींचा उघड तिटकारा; आणि तिसरी, अतिरेकी गुंतणूक, म्हणजे रोग्याचा श्वासही आपणच घ्यावा अशी धडपड. ही तिसरी गोष्ट प्रेमाची वाटते, म्हणूनच ती घरच्यांच्या लक्षांत सर्वांत उशिरा येते.

१९७२ सालीं ब्राउन, बर्ली व विंग यांनीं १०१ रोग्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. या तीन गोष्टी ज्या घरांत अधिक होत्या, तेथील शेंकडा ५८ रोग्यांचा आजार नऊ महिन्यांत उलटला. ज्या घरांत त्या कमी होत्या, तेथें हेंच प्रमाण शेंकडा १६ होतें. १९७६ मध्यें व्हॉन व लेफ यांनीं निराळ्या रोग्यांवर पुन्हां तपासणी केली, तेव्हांही निष्कर्ष त्याच दिशेचा निघाला. नियमित औषध आणि रोग्याला दिवसांतून कांहीं काळ मिळणारा एकांत, या दोहोंचा तणावाच्या घरांतही उपयोग होतो, हेंही त्यांतून दिसलें.

येथें एक गैरसमज होण्याचा मोठा संभव आहे, आणि तो पूर्वीं झालेलाही आहे. १९४८ सालीं फ्रीडा फ्रोम-राइखमान या प्रख्यात मनोविकारतज्ज्ञ बाईंनीं छिन्नमनस्कतेचा दोष रोग्याच्या आईच्या वागण्याकडे लावणारी कल्पना मांडली. पुढील दोन-तीन दशकें किती मातांनीं या कल्पनेच्या पायीं स्वतःला अपराधी मानलें असेल, त्याची गणना नाहीं. नंतरच्या संशोधनानें ती कल्पना टाकून दिली. हा विकार आईच्या रागानें होत नाहीं, बापाच्या धाकानें होत नाहीं. त्याचीं मुळें आनुवंशिकता, मेंदूची घडण आणि परिस्थिति यांच्या गुंतागुंतींत आहेत. घरच्या टीकेनें विकार जन्माला येतो असें नाहीं. जन्माला आलेला, औषधानें निवत आलेला विकार पुन्हां भडकण्याचा संभव तिनें वाढतो. दम्याच्या रोग्याच्या खोलींत धूर केल्यानें दमा उत्पन्न झाला असें कोणी म्हणत नाहीं. पण धूर करूं नये हें सर्वांना पटतें. शिवाय ही टीका दुष्टपणांतून येत नाहीं. ती बहुधा थकव्यांतून येते, आणि त्याहूनही अधिक अज्ञानांतून येते.

तें अज्ञान कसलें, तें एका घराच्या उदाहरणानें पाहावें. घर काल्पनिक आहे, पण धरमपेठेंत, महालांत, वा पुण्याच्या सदाशिव पेठेंत तें कोठेंही सांपडेल. मुलगा तेवीस वर्षांचा. कॉलेज अर्धवट सुटलेलें. कानांत ऐकूं येणारे आवाज औषधानें थांबले आहेत, आणि आतां तो दिवसभर पडून असतो. आंघोळ दोन दिवसांआड. सकाळीं आई म्हणते, ‘‘अरे, दहा वाजले. शेजारचा तुझ्याच वर्गातला ना? लागलासुद्धा कामाला.’’ वडील वर्तमानपत्रांतून मान वर न करतां म्हणतात, ‘‘औषधानं बरं वाटलं म्हणे. मग आता कसला आजार? आता नुसता आळस.’’ आई दुपारीं स्वतःच्या हातानें त्याला भात कालवून देते, त्याच्या खोलीच्या दारांत झोंपते, आणि गेल्या वर्षभरांत ती एकदांही माहेरीं गेलेली नाहीं.

या घरांत दुष्ट कोणीच नाहीं. पण वडिलांचें वाक्य चुकीचें आहे. आवाज ऐकूं येणें हें विकाराचें लक्षण, तें सर्वांना दिसतें. उत्साह आटणें, चेहरा निर्विकार होणें, कशांतच मन न लागणें हींही त्याच विकाराचीं लक्षणें होत. तीं औषधांना तितकीशीं दाद देत नाहींत, आणि बाहेरून तीं हुबेहूब आळसासारखीं दिसतात. ज्या गोष्टीवर रोग्याचा ताबा नाहीं तिच्याबद्दलच त्याला दिवसांतून दहा वेळां बोल लावला जातो. ही एक गोष्ट घरच्यांना समजली, तर अर्धी टीका आपोआप गळून पडते.

समुपदेशक अशा घरांत काय करतो? तो प्रथम आजाराला नांव देतो, कारण नांव नसलेल्या गोष्टीवर माणूस स्वभावाचा शिक्का मारतो. मग तो वाक्यें बदलावयास शिकवितो. ‘तूं नेहमींच असा’ या वाक्याला रोग्यापाशीं उत्तर नसतें. ‘कालपासून आंघोळ झाली नाहीं, मला काळजी वाटते, चहा झाल्यावर करशील का?’ या वाक्याला उत्तर देतां येतें. एका वेळीं एकच मागणी, तीही लहान. कोपऱ्यावरून दूध आणणें, तुळशीला पाणी घालणें, धाकटीला शिकवणीच्या दारापर्यंत सोडणें. काम झालें तर तें झाल्याचा उल्लेख करावा. न झालें तर मागचा पाढा वाचूं नये. आजार उलटण्याच्या खुणा घरच्यांनीं लिहून ठेवाव्या. पुष्कळांच्या बाबतींत पहिली खूण म्हणजे झोंप उडणें. आणि आईला समुपदेशक सांगतो कीं, आठवड्यांतून दोन संध्याकाळीं तिनें देवळांत, भिशीला, बहिणीकडे, कोठेंही जावें. ही चैन नव्हे. मुलासाठीं लिहिलेल्या औषधपत्राचाच तो एक भाग आहे. आई बाहेर जाते तेव्हां तिला विश्रांति मिळते आणि मुलाला ‘आपल्याला दोन तास एकटें ठेवण्याइतका विश्वास आहे’ हें कळतें.

हें शिकवून भागतें काय? १९८२ सालीं लेफ व त्यांच्या सहकाऱ्यांनीं लंडनमध्यें तणावाचीं घरें निवडून त्यांचे दोन गट केले. औषध दोन्ही गटांना होतें. एका गटाच्या कुटुंबांना आजाराची माहिती, इतर कुटुंबांशीं विचारविनिमय आणि घरीं येऊन केलेलें मार्गदर्शन हें अधिक मिळालें. नऊ महिन्यांत नुसतें औषध मिळालेल्या गटांतील निम्म्या रोग्यांचा आजार उलटला. मार्गदर्शन मिळालेल्या गटांत तसें क्वचितच घडलें. तो अभ्यास लहान होता, परंतु पुढें अनेक देशांत झालेल्या प्रयोगांनीं त्याला दुजोरा दिला. बोलण्याची रीति हा जन्मजात स्वभाव नसून शिकतां येणारी विद्या आहे, असा याचा अर्थ.

आतां हिंदुस्थानी घरांचें काय? १९८७ सालीं डॉ. एन. एन. विग व त्यांच्या सहकाऱ्यांचें चंदीगड येथील संशोधन प्रसिद्ध झालें. लंडनमध्यें जवळजवळ निम्मे नातेवाईक ज्या टीकाखोर अथवा अतिगुंतलेल्या वर्गांत मोडले, त्या वर्गांत चंदीगडकडील सुमारें एक चतुर्थांशच मोडले. खेड्यांतलें प्रमाण तर त्याहूनही कमी होतें. त्यापूर्वीं जागतिक आरोग्य संघटनेनें नऊ देशांत केलेल्या अभ्यासांतही, आग्र्याच्या रोग्यांची पुढील प्रगति कित्येक श्रीमंत देशांतील रोग्यांपेक्षां चांगली दिसली होती. या निष्कर्षांवर पुढें बरेच वाद झाले आहेत. तरीही एकत्र कुटुंबाचा एक गुण त्यांतून पुढें आला. दहा माणसांच्या घरांत रोग्याचा भार एकाच्या खांद्यावर पडत नाहीं. काका रागावला तर आजी जवळ घेते, आणि शेंगा सोलण्यासारखें कांहीं ना कांहीं काम त्याच्या वांट्याला येतेंच.

पण या गुणावर विसंबून राहण्याचे दिवस गेले. नागपूरचे वाडे पडून त्या जागीं सदनिका उभ्या राहिल्या आहेत. तीन खोल्यांत तीन माणसें. त्यांतलीं दोन नोकरीवर. आजी नाहीं, अंगण नाहीं, आणि रागावलेल्या माणसाला क्षणभर बाजूला होण्यास ओटाही नाहीं.

शिवाय जुन्या घराचा एक दोष झांकून ठेवणें अप्रामाणिकपणाचें होईल. तेथें माया सर्वांना सारखी मिळत नसे. नवरा आजारी पडला तर बायकोनें त्याची सेवा करावी, हें गृहीत धरलें जाई. बायको आजारी पडली तर तिची पाठवणी माहेरीं होई. हें चित्र अजूनही पुसलें गेलेलें नाहीं. चेन्नईची स्किझोफ्रेनिया रिसर्च फाउंडेशन ही संस्था १९८४ पासून या क्षेत्रांत आहे. तिच्या संशोधकांनीं संसार मोडलेल्या अशा स्त्रियांचा अभ्यास केला, तेव्हां बहुतेकींचा कायदेशीर घटस्फोट झालेलाच नव्हता, पोटगी मिळत नव्हती, आणि त्या म्हाताऱ्या आईबापांच्या आधारानें दिवस काढीत होत्या. त्या आईबापांना आजारापेक्षां एकच प्रश्न अधिक जाळीत होता: आमच्यामागें हिचें कोण?

समुपदेशनाची गरज इतकी, आणि मनोविकारतज्ज्ञ मूठभर. मग हीं माणसें आणावयाचीं कोठून? याचें एक उत्तर विदर्भानेंच दिलें आहे. कापूसपट्ट्यांतील शेतकऱ्यांच्या आत्महत्यांनीं सारा देश हळहळत होता, त्या काळांत ‘विश्राम’ नांवाचा एक उपक्रम अमरावती जिल्ह्यांतील ३० गांवांत चालविण्यांत आला. गोव्याची ‘संगाथ’ ही संस्था त्यांत अग्रभागीं होती, आणि नागपूरची ‘प्रकृति’ ही संस्था तिच्या जोडीला होती. गांवांतल्याच सामान्य शिक्षणाच्या माणसांना शिकवून तयार केलें. त्यांनीं घरोघर जाऊन नैराश्याच्या विकाराविषयीं बोलावें, ऐकावें, मनाला धीर द्यावा, आणि गरज असेल त्यालाच डॉक्टरकडे न्यावें, अशी ती योजना. डॉ. राहुल शिधये व त्यांच्या सहकाऱ्यांनीं २०१७ सालीं तिचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. नैराश्यानें ग्रासलेल्यांपैकीं मदत घेणाऱ्यांचें प्रमाण अठरा महिन्यांत शेंकडा ४.३ वरून २७.२ वर गेलें, नैराश्याचें प्रमाण शेंकडा १४.६ वरून ११.३ वर उतरलें, आणि मनांत आत्महत्येचा विचार येऊन गेल्याचें सांगणाऱ्यांचें प्रमाण निम्म्यावर आलें. तुलनेसाठीं दुसरीं गांवें घेतलेलीं नसल्यामुळें सगळें श्रेय त्या उपक्रमालाच देतां येणार नाहीं. पण एवढें निश्चित दिसलें कीं, ऐकून घेणारें माणूस दाराशीं आलें तर विदर्भांतला अबोल शेतकरीही बोलतो. कर्जाचा जो आंकडा त्यानें बायकोपासून लपविलेला असतो, तो एकदां घरांत उच्चारला गेला कीं त्याचें ओझें दोघांत वांटलें जातें.

शहरी घरांसाठीं दुसरा मार्ग पुण्यानें दाखविला. कॅनडांत संख्याशास्त्राचे प्राध्यापक असलेले डॉ. जगन्नाथ वाणी यांच्या पुढाकारानें तेथें १९९७ मध्यें स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन स्थापन झाली. रोग्यांच्या नातेवाइकांचे स्वमदतगट हें तिचें एक मुख्य कार्य. ज्या बापाला आपल्या भावालाही खरें सांगवत नाहीं, तो अनोळखी दहा बापांत बसून मोकळेपणीं बोलतो, कारण ते दहाहीजण त्याच वाटेनें आलेले असतात. तज्ज्ञाच्या सल्ल्यानें जें साधत नाहीं, तें पुष्कळदां अशा बैठकींत साधतें.

आणि तरीही शेवटीं गोष्ट त्या फाटकापाशींच येऊन ठेपते. नागपूरच्या मनोरुग्णालयांत मंजूर खाटा ९४० आहेत. तेथें किंवा देशांतल्या कोणत्याही मनोरुग्णालयांत गेलें, तर औषधानें शांत झालेलीं, स्वतःचें काम स्वतः करणारीं, आणि तरीही वर्षानुवर्षें तेथेंच राहिलेलीं माणसें भेटतात. २०१९ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका अहवालाप्रमाणें २४ राज्यांतील ४३ सरकारी मनोरुग्णालयांत राहणाऱ्यांपैकीं शेंकडा ३६ हून अधिक लोक एक वर्षापेक्षां जास्त काळ तेथें होते. त्यांत स्त्रिया निम्म्याहून अधिक होत्या. कोणाचा पत्ता चुकीचा निघतो. कोणाचें घर विकलेलें असतें. कोणाच्या दाराशीं रुग्णालयाचा समाजसेवक पोंचतो तेव्हां भाऊ दार अर्धेंच उघडतो आणि म्हणतो, ‘‘साहेब, दोन खोल्या आहेत. मुलीचं लग्न ठरतंय. अजून थोडे दिवस ठेवा.’’ असे ‘थोडे दिवस’ करतां करतां दशकें लोटतात. कित्येकदां वडिलोपार्जित जमिनींतला वांटा हेंही न बोललेलें कारण असतें.

कायद्यानें आपलें काम केलें आहे. २०१७ चा मानसिक आरोग्यसेवा कायदा २०१८ च्या मे महिन्यांत अमलांत आला. घर नाहीं किंवा घरचे घेत नाहींत, केवळ एवढ्या कारणावरून कोणालाही रुग्णालयांत ठेवतां येणार नाहीं, आणि समाजांत राहण्याचा हक्क त्यालाही आहे, असें त्याचें १९ वें कलम स्पष्ट सांगतें. जो घरीं परतूं शकत नाहीं त्याच्यासाठीं संक्रमणगृहें, लहान सामुदायिक घरें यांची जबाबदारी सरकारवर आहे. नागपुरांतही २०१६ पासून महाराष्ट्र शासन व टाटा ट्रस्ट्स यांनीं ‘उडान’ या नांवानें रुग्णालयाची सुधारणा आणि जिल्ह्यांतील उपचार यांची सांगड घालणारा उपक्रम हातीं घेतला. हीं पाउलें योग्य दिशेचीं आहेत.

परंतु कायदा फाटक उघडूं शकतो. घरांतलें ताट तो वाढूं शकत नाहीं. अर्धें दार उघडणाऱ्या त्या भावाला दोष देऊन मोकळें होणें सोपें आहे. त्याच्या आठवणींत मात्र आजाराच्या भरांत आरसे फोडणारा भाऊ आहे, आणि मधल्या काळांत औषधानें काय बदललें तें त्याला कोणी दाखविलेलें नाहीं. रोग्याला घरीं पाठविण्यापूर्वीं घराला तयार करावें लागतें. आधीं भेटी, मग सणाला दोन दिवस, मग आठवडा. जवळच्या शासकीय रुग्णालयांत औषधाची सोय, आणि अडचण आली तर कोणाला विचारावें त्या माणसाचें नांव. २०२२ च्या १० ऑक्टोबरपासून केंद्र सरकारनें सुरू केलेल्या ‘टेली-मानस’ सेवेचा १४४१६ हा क्रमांक अशा वेळीं रात्रींबेरात्रींही उपयोगी पडतो, आणि त्यावर मराठींत बोलतां येतें.

सुशिक्षित घरांना यांतून घेण्यासारखें फार थोडें आहे, पण तें आजच घेतां येईल. शेजारच्या घराचें दार अशा आजारानें बंद झालेलें दिसलें, तर कारण न विचारतां पेजेचें भांडें घेऊन जावें. आपल्याच घरीं असें माणूस असेल, तर दिवसभरांत त्याला उद्देशून बोललेलीं वाक्यें एक दिवस मोजून पाहावींत. त्यांत आज्ञा किती, तुलना किती, आणि नुसतें साधें बोलणें किती. आणि मुलाबाळांच्या देखत थट्टेनें त्या चौकाचें नांव घेतांना क्षणभर थांबावें. ऐकणाऱ्यांत एखादें पोर असें असेल, कीं ज्याची आई त्या फाटकाच्या आंत, घरून कोणी येण्याची वाट पाहत बसलेली आहे.